सर्पगंधा आणि रक्तदाब

बंगळूर शहराच्या वायव्येस तुमकूर रस्त्यावर माकळी नावाचे गाव आहे. 'हिमालया' ह्या औषधी कंपनीचा कारखाना तेथे आहे. तिच्या मलमांच्या नळ्या, दंतमंजने व साबण आज घरोघरी दिसतात. त्यामुळे ह्या कंपनीचे पहिले औषध कोणते होते ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. १९३० साली डेहराडून येथे महंमद मनाल ह्या गृहस्थांनी ती स्थापन केली, आणि १९३४ मध्ये 'सर्पिना' नावाची एक गोळी बाजारात आणली. ही गोळी म्हणजे सर्पगंधा नावाच्या वनस्पतीच्या मुळीची पूड होती. पुढे १९७५ मध्ये कंपनीने आपला कारखाना बंगळुरास उभारला. तोवर त्या लहानशा गोळीने, मुंबईच्या एका डॉक्टरच्या हातून, जगाच्या वैद्यकशास्त्रात एक मोठा फेरबदल घडवून आणला होता.

ही हकीकत सांगण्याचे कारण केवळ स्थानिक कुतूहल नव्हे. ज्या विकारावर ती गोळी दिली जाई तो उच्च रक्तदाब आपणां नोकरदारांच्या घरी पाहुण्यासारखा येतो आणि कुटुंबातल्या माणसासारखा राहतो. त्याच्याविषयी आपण बोलतो पुष्कळ. परंतु तो कोणी, केव्हा व कसा ओळखला, आणि त्याला आवर घालता येतो हे माणसाला केव्हा कळले, हे ठाऊक असेल तर त्याच्याशी वागण्याची आपली रीत बदलेल असे मला वाटते.

रक्ताला दाब असतो, ही गोष्ट प्रथम प्रत्यक्ष मोजून दाखविली ती इंग्लंडमधील स्टीफन हेल्स ह्या धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच इतके वर चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग करणे शक्यच नव्हते. १८२८ मध्ये प्वाझय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंच नळीच्या जागी पारा वापरला; पारा जड असल्यामुळे फुटांचे माप मिलिमीटरवर आले. १८९६ मध्ये रिवा-रोच्ची ह्या इटालियन डॉक्टरने दंडाला बांधावयाची हवेची पट्टी शोधून काढली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह ह्या रशियन शल्यवैद्याने त्या पट्टीखाली नळी कानाला लावून रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली. पट्टी फुगवून धमनी बंद करावयाची आणि मग हळूहळू हवा सोडावयाची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब. आवाज नाहीसा होतो तो खालचा आकडा, म्हणजे हृदय विसावते तेव्हाचा दाब. आज दवाखान्यात आपल्या दंडाला जी पट्टी बांधतात तिचा वंशवृक्ष हा असा आहे.

परंतु दाब मोजता येणे निराळे, आणि वाढलेला दाब हा स्वतंत्र विकार आहे हे ओळखणे निराळे. १८३६ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट ह्या डॉक्टरला असे आढळले की, ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत अशा रुग्णांचे हृदय मृत्यूनंतर पुष्कळदा मोठे झालेले दिसते. त्यावरून हा सारा प्रकार मूत्रपिंडाच्या रोगाचा परिणाम असावा अशी समजूत रूढ झाली. तिला छेद दिला तो ज्याच्या आजोबांचे गाव पाटणा होते अशा एका तरुणाने. शेख दीन महंमद हे पाटण्याचे गृहस्थ इंग्लंडात जाऊन स्थायिक झाले व त्यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदी जेवणाचे उपाहारगृह काढले. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय रुग्णालयात डॉक्टर झाला. नाडीच्या लाटांचे आलेख काढता काढता १८७० नंतरच्या दशकात त्याने दाखवून दिले की, मूत्रपिंडे निरोगी असतानाही दाब वाढलेला असू शकतो. अशी माणसे वरकरणी धडधाकट असतात, आणि हृदयाला, मेंदूला व मूत्रपिंडांना अपाय होतो तो मागाहून. कारण आणि परिणाम ह्यांची जागा त्याने उलटी करून दाखविली. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला.

त्याने जे सांगितले त्याचा अर्थ आज अधिक स्पष्टपणे मांडता येतो. दाब सतत वाढलेला राहिला म्हणजे हृदयाला प्रत्येक ठोक्याला अधिक जोर लावावा लागतो. त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि कालांतराने ते थकते. धमन्यांचे अस्तर खरवडले जाऊन त्या कठीण व अरुंद होतात. मेंदूतील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली की पक्षाघात होतो. मूत्रपिंडातील गाळण्या निकामी होऊ लागतात, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होतो. हे सर्व वर्षानुवर्षे चालते. आणि ह्या सबंध काळात बहुतेक माणसांचे काहीही दुखत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला असे आपण म्हणतो. पण डोके न दुखता दाब वाढणे हीच नेहमीची स्थिती होय. हा विकार जाणवत नाही, तो मोजावाच लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रकाराला वैद्यकात जे नाव पडले त्याचा शब्दशः अर्थ 'आवश्यक' असाही होत असे. पुष्कळ नामांकित डॉक्टर असे मानीत की, वयोमानाने धमन्या कठीण झाल्या म्हणजे रक्त पुढे ढकलण्यासाठी दाब वाढणे जरूरच आहे. तो उतरविण्याच्या भानगडीत पडू नये. उतरविण्याचे खात्रीचे साधनही त्यांच्याजवळ नव्हते, हेही खरे.

ते साधन मात्र आपल्या रानात उगवत होते. सर्पगंधेचे झुडूप फार तर कमरेइतके वाढते. एकेका पेऱ्यावर तीन-चार पानांचे वर्तुळ, पांढरी-गुलाबी फुले, आणि पिकल्यावर काळसर होणारी लहान फळे. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या दमट उतारांपर्यंत ते आढळते. प्राचीन वैद्यकग्रंथांत सर्पगंधेचे नाव येते ते विषचिकित्सेच्या प्रकरणात. लोकव्यवहारात मात्र तिची ख्याती मन शांत करणारी मुळी म्हणून होती. बिहारात तर तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. झोप न येणाऱ्यास व भ्रमिष्टास वैद्य आणि हकीम ती देत. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना ह्या जातीची झाडे ठाऊक झाल्यावर १७०३ मध्ये प्ल्युमिये ह्या फ्रेंच पंडिताने ह्या कुळास लिओनार्ड राउवोल्फ ह्या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. नाव मिळाले, पण गुण कळला नाही. तो कळण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली.

१९३१ हे साल ह्या मुळीच्या चरित्रात मोलाचे आहे. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयातील सलीमुज्जमान सिद्दिकी ह्यांनी रफत हुसेन सिद्दिकी ह्यांच्यासह तिच्यातील काही अल्कलॉइड द्रव्ये वेगळी केली, आणि त्यांपैकी एकास त्या संस्थेचे संस्थापक हकीम अजमलखान ह्यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव ठेवले. त्याच वर्षी कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉक्टर कार्तिकचंद्र बोस ह्यांनी एक लेख प्रसिद्ध करून, ही मुळी वेडाप्रमाणेच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते असे स्पष्ट लिहिले. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत तिच्या गुणधर्मांची तपासणी केली. आणि १९३४ मध्ये सर्पिना बाजारात आली. तिच्या उगमाविषयी कंपनी एक कथा सांगते ती अशी: ब्रह्मदेशात हिंडत असताना मनाल ह्यांनी पिसाळलेल्या हत्तींना एक मुळी खाऊ घालून शांत करताना पाहिले, आणि पुढे आईचे दागिने गहाण ठेवून गोळ्या पाडण्याचे हातयंत्र विकत घेतले. कथेतील हत्ती कितपत खरे ते आज कोण सांगणार? गोळी मात्र खरी होती.

येथे क्षणभर आपल्या देशाबाहेर नजर टाकली पाहिजे. १९४४ च्या मार्च महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांचा दाब १८६ वर १०८ होता व हृदय थकल्याची चिन्हे दिसत होती. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावरील त्या पुरुषास त्या काळचे उत्तमोत्तम डॉक्टर काय देऊ शकले? हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेचे औषध, मीठ कमी आणि विश्रांती. त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठातील वॉल्टर केम्प्नर आपल्या रुग्णांना केवळ भात, फळे व साखर ह्यांवर ठेवून दाब उतरवीत होता. औषध नाही म्हणून मीठच तोडावयाचे! १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या वेळी त्यांचा दाब ३०० वर १९० भरला होता. सर्पिना हिंदुस्थानात विक्रीस येऊन तेव्हा अकरा वर्षे लोटली होती.

ह्यावरून आपले पूर्वज सर्व जाणत होते आणि पाश्चात्त्य अज्ञानात होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मुळी होती, गोळीही होती. परंतु ती किती जणांना दिली, त्यांचा दाब आधी किती होता, किती दिवसांनी किती उतरला आणि किती जणांत उतरलाच नाही, ह्याची जगाला तपासून पाहता येईल अशी नोंद नव्हती. कचेरीत काम करणाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. काम केले पण कागदावर आले नाही, तर ते काम झाले असे कोणी धरीत नाही. आणि तसे न धरण्यात नेहमीच अन्याय असतो असेही नाही.

ती नोंद केली डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनी. १९११ मध्ये जन्मलेले हे पारशी डॉक्टर मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करीत. ते रुग्णालय व त्याला जोडलेले गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये उघडले तेच मुळी, येथील अध्यापक व डॉक्टर हिंदी असावेत, ह्या देणगीदारांच्या आग्रहातून. हिंदी डॉक्टर स्वतंत्रपणे संशोधन करू शकतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा संस्थेवर आपोआपच येते. १९४९ च्या ऑक्टोबरात 'ब्रिटिश हार्ट जर्नल' ह्या नियतकालिकात वकिलांचा लेख प्रसिद्ध झाला. साध्या उपायांनी ज्यांचा दाब पुरेसा उतरला नव्हता असे पन्नास रुग्ण त्यांनी निवडले, त्यांस सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि चार आठवड्यांनी हिशेब मांडला. शेकडा ८५ जणांचा वरचा दाब व शेकडा ८१ जणांचा खालचा दाब उतरला होता. शिवाय ह्या देशात दाबावर सर्वांत उपयुक्त औषध कोणते, असे त्यांनी पन्नास डॉक्टरांस विचारले, तेव्हा ४६ जणांनी सर्पगंधेला कौल दिला. म्हणजे जे पुष्कळांस अनुभवाने ठाऊक होते त्याला त्यांनी आकड्यांचा आधार दिला. आजच्या कसोटीने पाहता ह्या प्रयोगात उणिवा दिसतात, कारण तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यात नव्हता. तरी आकडे होते, पद्धत सांगितलेली होती, आणि इतरांना ते पडताळून पाहता येत होते.

आणि ते पडताळले गेले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी हा लेख वाचून हिंदुस्थानातून गोळ्या मागविल्या व आपल्या रुग्णांवर त्यांचा गुण पाहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन ह्यांनी मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिझर्पिन. पुढच्याच वर्षी 'सर्पासिल' ह्या नावाने ते जगभर विकले जाऊ लागले. १९५६ मध्ये वुडवर्ड ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे बनवून दाखविले. १९५७ मध्ये डॉक्टर वकील ह्यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक, आणि १९५८ मध्ये भारत सरकारची पद्मभूषण ही पदवी मिळाली. १९७४ साली ते निवर्तले.

रिझर्पिनचे कार्य कसे चालते हेही पुढे कळले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य साठविलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आवळतात. रिझर्पिन ही साठवण होऊ देत नाही. कोठार रिकामे झाले की वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. कोठार रिकामे होण्यास दिवस लागतात, म्हणून गुण सावकाश येतो. पुन्हा भरण्यासही दिवस लागतात, म्हणून औषध थांबविल्यावरही तो काही काळ टिकतो. मेंदूतही तीच क्रिया घडते. भ्रमिष्टाला शांत करणारी आणि दाब उतरविणारी मुळी एकच का, ह्याचे उत्तर त्यात आहे. दुर्दैवाने त्याच कारणाने काही रुग्णांचे मन अतिशय खिन्न होते असे आढळून आले. नाक चोंदणे, सुस्ती येणे हे त्रास होतेच. मात्रा कमी करण्यात आली, आणि हळूहळू नव्या औषधांपुढे सर्पगंधा मागे सरली. १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी औषधे आली, १९६४ मध्ये हृदयाचा वेग आवरणारे प्रोप्रॅनोलॉल आले, १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल आले. ह्या शेवटच्या औषधाचा शोध ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरून लागला. सर्पविषावरची म्हणून ग्रंथांत नोंदलेली मुळी जिथे थांबली, तिथून पुढचे काम एका सर्पाच्या विषाने केले!

परंतु रजा घेण्यापूर्वी तिने एक मोठी साक्ष दिली. दाब उतरतो हे खरे. पण उतरविल्याने माणूस वाचतो काय? ह्या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर १९६७ पर्यंत नव्हते. एडवर्ड फ्राइस ह्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर प्रयोग झाला. सर्वांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. निम्म्यांस तीन औषधे दिली, निम्म्यांस नुसत्याच निर्गुण गोळ्या. त्या तीन औषधांपैकी एक रिझर्पिन होते. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांवर पक्षाघातासारखे गंभीर प्रसंग ओढवले व चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत असे प्रसंग दोनच, आणि मृत्यू एकही नाही. वाढलेला दाब 'आवश्यक' असतो ह्या समजुतीचा पाया त्या दिवशी निखळला.

आता आपणांकडे वळू. २०१९ ते २१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा २४ व स्त्रियांपैकी शेकडा २१ जणांचा दाब वाढलेला, अथवा औषधाने आवरलेला, आढळला. म्हणजे चार-पाच माणसांत एक. २०१७ च्या अखेरीस सरकारने दाब आवरण्याचा जो उपक्रम काही राज्यांत सुरू केला त्यात महाराष्ट्र प्रारंभापासून होता; त्याचा गाभा म्हणजे ठराविक औषधे, ती अखंड मिळण्याची सोय, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. पुन्हा नोंदच!

नोंदीचा हा धागा तुटतो तो आपल्यासारख्यांच्या बाबतीत, आणि तुटण्याचे ठिकाण म्हणजे बदली. माझ्या परिचयाचे एक अधिकारी नागपुराहून येथे बदलून आले. वय पन्नाशीचे, स्वभाव हसतमुख, काम चोख. तिकडे त्यांना दाबाची गोळी सुरू होती. सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा, नवी भाषा, घराचा शोध ह्या गडबडीत गोळ्या संपल्या, जुने कार्ड कोठल्याशा पेटीत राहिले, आणि काहीच त्रास होत नाही तेव्हा नव्या गावी नवा डॉक्टर शोधण्याचे कामही राहिले. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी चहाचा पेला त्यांच्या उजव्या हातातून खाली पडला. त्यानंतर तो हात पूर्वीसारखा झाला नाही. आज ते डाव्या हाताने सही करतात. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना कधी काही दुखलं असतं, तर मी बसू दिलं असतं का?" ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते, पण शंभर वर्षांच्या वैद्यकाचे सार त्यात आले आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

म्हणून परमुलखात राहणाऱ्या आपल्या मंडळींस दोन-चार गोष्टी सुचविण्याचे धाडस करतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून. जिना चढून आल्याबरोबर मोजलेला दाब हिशेबात धरू नये. निरनिराळ्या दिवशी तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला तर डॉक्टरांकडे जावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावाहून येणारे लोणचे, पापड व सांडगे ह्यांचा हिशेब त्यातच धरावा, हे सांगताना मलाही जड जाते. गोळी सुरू झाली तर ती डॉक्टरांच्या सांगण्यावाचून बंद करू नये. नुसती सर्पगंधेची पूड आणून घेण्याचाही विचार करू नये. तिची मात्रा चुकली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. शिवाय अतोनात उपशामुळे ती रानातून दुर्मिळ झाली असून १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आपण शेवटच्या पगाराचा दाखला, सेवापुस्तिका व शिधापत्रिका ह्यांची जातीने व्यवस्था लावतो. त्याच फायलीत एक कागद आणखी लावावा. त्यावर घरातील प्रत्येक वडील माणसाचा दाब, तारीख व औषधाचे नाव असावे, आणि नव्या गावी पहिल्याच महिन्यात तो नव्या डॉक्टरांपुढे ठेवावा. एका डॉक्टरने पन्नास माणसांचे आकडे नीट लिहून ठेवले म्हणून रानातली एक मुळी जगाचे औषध झाली. आपल्याला तर आपल्या घरच्या चार माणसांचेच आकडे लिहावयाचे आहेत.